भाता

भाता ओढायचं काम माझं.
वय अकरा, ऑर्गनच्या पाठीमागे
लाकडी दांड्याला लटकलेला.
वारा माझा, सूर हेंड्रिनाबाईंचे.
महिन्याला दोन शिलिंग.

कारूच्या माळावर विटकलिप नावाचं गाव:
एक पवनचक्की, एक पेढी, पत्र्याची छपरं,
आणि सगळ्यांहून उंच आमचं पांढरं देऊळ.
त्याची सावली संध्याकाळी
रस्ता ओलांडून काळ्या वस्तीत जायची.
आमच्यातलं तेवढंच जायचं तिकडे.

त्या दिवशी म्हाताऱ्या कॅटरिनाबाईंची पेटी
व्यासपीठापुढे ठेवलेली.
आणि लेन्ची आली.
अडतीस वर्षं त्या घरची भाकर जिनं भाजली,
शेवटच्या आठवड्यात म्हातारीचे ओठ
ओल्या फडक्यानं टिपले, ती लेन्ची.
धुऊन विटलेला निळा डगला,
हातात जिरेनियमच्या तीन काड्या,
जॅमच्या डब्यात.

दारात डीकन ओकर्ट.
ओरडला नाही तो. ओरडला असता तर बरं.
हलक्या आवाजात बोलला, शेळीला वळवावं तसा:
"मिरीच्या झाडाखाली थांब, लेन्ची.
खिडकी उघडी ठेवतो. ऐकू येईल तुला."

ऐकू येईल.

ऑर्गनवर एक छोटा आरसा असतो,
पाळक कधी उठले ते कळावं म्हणून.
त्या आरशात दारही दिसतं.

सूर थांबला.
कडव्याच्या मध्येच, चढणीवर,
जिथे सगळ्यांनी नुकता श्वास भरून घेतला होता.
मी आपला ओढतच राहिलो, सवयीनं,
आणि देवळात नुसता वारा ऐकू येऊ लागला
आजारी जनावरासारखा.

पाळक खाकरले. "बाई, पुढचं कडवं."
"कॅटरिनाचं माणूस बाहेर आहे," बाई म्हणाल्या.
"ते आत येईतो मला सूर सापडायचा नाही."

आवाज शूर नव्हता, खरं सांगतो.
पाठांतर विसरलेल्या मुलीचा होता.
मानेवर लाल चट्टे उठलेले.

कोणी हललं नाही.
तिसऱ्या बाकावर बाईंचा नवरा
हातातल्या टोपीच्या आत बघत होता,
जणू तिथे काही लिहिलंय.

मग झाकण मिटलं, आणि बाई चालत गेल्या,
पायांत पेडलचे मऊ जोडे तसेच.
एवढ्या मोठ्या देवळात
पाऊल वाजलं नाही.

बाहेर लेन्ची रागावलीच.
"तुम्ही इथे येऊन उभ्या राहिलात,
आता म्हातारीला वाजवून कोण पोचवणार?"
बाईंकडे उत्तर नव्हतं. त्या नुसत्या
धुळीत उभ्या, हात कुठे ठेवावे कळेना.

तेव्हा लेन्चीच गायला लागली.
तेच गीत, जिथे तुटलं होतं तिथून,
तिच्या आईच्या बोलीतल्या शब्दांत.
बाईंनी खालची पट्टी धरली, चाचपडत.

खिडकी उघडीच होती.
ऐकू आलं आम्हाला.

नंतर काही मोठं झालं नाही.
ऑर्गनची किल्ली मागून घेतली.
पियानोला नऊ मुली यायच्या,
नाताळपर्यंत एकही उरली नाही.
दुकानात त्यांच्या मागे रांग लागेना.
एवढंच. वर्षानुवर्षं एवढंच.

मी दांडा सोडला नाही.
नव्या बाईंनाही सहा वर्षं वारा दिला,
शिलिंग मोजून घेतले.
हे कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो.

खूप उशिरा, त्यांच्या शेवटच्या आजारात,
मी विचारलं: भीती नाही वाटली?
हेंड्रिनाबाई हसल्या.
"पाय इतके लटपटत होते, फानी,
की पेडल सापडेना.
मग म्हटलं, निदान चालून तरी बघू."